सही करण्याआधी धाकट्याची तपासणी

प्रिय ताई,

आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहतो. मोठी मुलगी चौथीत आहे, धाकटा किंडरगार्टनमध्ये. दोघंही घराजवळच्या सरकारी शाळेत जातात. शाळेला यंदा राज्याकडून 'सी' ग्रेड मिळाला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याने एक खाजगी शाळा हेरून ठेवली आहे, फी प्रत्येकी साडेतेरा हजार डॉलर. तो म्हणतो, ईएसएचे, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी पालकाच्या खात्यात येणारे, पैसे सरकार देतंय, न घेणारा वेडा. त्याने एक्सेलमध्ये तक्ताच केलाय. मैत्रीण म्हणते, ओपन एनरोलमेंट करून, म्हणजे हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेत अर्ज करून, शेजारच्या गिल्बर्टच्या 'ए' शाळेत घाल, एक पैसा लागत नाही. मंडळात भेटणाऱ्या निम्म्या लोकांना चार्टर शाळेशिवाय (सरकारी पैशांवर, पण डिस्ट्रिक्टबाहेर चालणाऱ्या) काही दिसत नाही. पुण्याची जाऊ म्हणते, तुमचं बरंय, इथे आरटीईच्या लॉटरीत नंबर लागावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. मला मात्र हे पैसे घेतले तर शेजारच्या मुलांच्या ताटातून काढून घेतल्यासारखं वाटतं.

त्यातच धाकट्याच्या बाई म्हणाल्या की तो नीट बोलत नाही, अक्षरांतही अडखळतो, तपासणी करून घ्या. नवरा म्हणतो, नको, कायमचं लेबल लागेल. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, त्यातून घरात दोन भाषा. शाळा बदलायची तर जुलैपूर्वी ठरवायला हवं. काय करू?

— चँडलरची आई

--

नवऱ्याच्या तक्त्यात शाळेचं नाव, ग्रेड, फी, घरापासूनचं अंतर एवढे रकाने असणार. धाकट्यासाठी रकाना नसावा. तुमच्या पत्रातही तो शेवटी येतो. पण खाजगी, गिल्बर्ट की चार्टर, याचा निकाल त्याच्यावरूनच लागायचा आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

बाई तपासणी करा म्हणाल्या. ही शाळेची मेहेरबानी समजू नका. १९७५ पासून अमेरिकेत यासाठी केंद्राचा कायदा आहे. आज त्याला आयडीईए म्हणतात. शिकण्यात अडचण असल्याची शंका असेल तर मुलाची तपासणी डिस्ट्रिक्टने, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, स्वतःच्या खर्चाने करायची. अडचण निघाली तर स्पीच थेरपी असो की वाचनाची खास शिकवणी, त्याला लागेल ते लेखी आराखडा करून फुकट द्यायचं. हा आराखडा म्हणजे आयईपी. हीच तपासणी बाहेर खाजगीत करायला गेलात तर खिसा चांगलाच हलका होतो.

ॲरिझोनात आईवडिलांनी लेखी मागणी केली की शाळेला १५ शालेय दिवसांच्या आत काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. तुम्ही संमतीपत्रावर सही केलीत की पुढच्या ६० दिवसांत तपासणी पुरी व्हायला हवी, आणि हे ६० दिवस सुट्ट्या धरून मोजतात. आज मेल टाकलीत तर जुलैच्या पहिल्या घंटेच्या बऱ्याच आधी अहवाल तुमच्या हातात असेल. पार्किंगमध्ये उभ्याउभ्या बाईंशी बोलणं झालं असेल, तर ते धरू नका. त्याने कुठलंच घड्याळ सुरू होत नाही.

आता लेबल. ही भीती मी आपल्या लोकांत फार पाहते, आणि ती बहुतेक वेळा देशातून बरोबर आणलेली असते. तिथे 'वेगळ्या' मुलाला शाळाच नकोशी होते, म्हणून आईबाप झाकून ठेवतात. इथे हा अहवाल गोपनीय असतो, कॉलेजच्या अर्जावर तो छापून जात नाही, आणि तपासणी झाली म्हणून तुम्ही मदत घ्यायलाच हवी असंही नाही. मदत सुरू करायला पुन्हा तुमचीच सही लागते, आणि ती नंतर मागेही घेता येते. उलट काहीच केलं नाही तर सहा वर्षांच्या मुलाला वर्गातली बाकीची मुलं लेबल लावतात. त्याच्यावर कुणाची सही घेत नाहीत.

सासूबाईंच्या दोन्ही वाक्यांपैकी दुसरं जरा तपासून घेऊ. दोन भाषांच्या घरात मूल काही काळ शब्द सरमिसळ करतं, हे खरं. पण दोन भाषा ऐकल्यामुळे बोलण्याचा दोष होत नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. म्हणून प्रश्न असा आहे की आजीशी मराठीत बोलताना तो पूर्ण वाक्यं बोलतो का? गोष्ट सांगतो का? की तिथेही दोन-दोन शब्दांवर भागवतो? याची सर्वांत चांगली साक्षीदार त्याची आजी आहे. कायद्यानुसार तपासणी मुलाच्या भाषेचा विचार करूनच व्हायला हवी, तेव्हा घरात मराठी बोलतो हे अर्जात स्पष्ट लिहा. आठवडाभर तो मराठीत जे जे बोलतो ते सासूबाईंनी वहीत उतरवून ठेवलं तर तपासणाऱ्याला त्याचा उपयोगच होईल. शिवाय त्या विरोधी पक्षातून आपोआप तुमच्या बाजूला येतील, हा एक छुपा फायदा.

हे सगळं ईएसएच्या आधी का, ते आता सांगते.

ईएसए म्हणजे एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट. महाराष्ट्रात अनुदान शाळेला मिळतं, इथे ते घराच्या नावावर जमा होतं. २००९ मध्ये ॲरिझोनाच्या सुप्रीम कोर्टाने खाजगी शाळांना थेट व्हाउचर, म्हणजे सरकारी पैशांतून फी, देणाऱ्या दोन योजना घटनाबाह्य ठरवल्या. मग २०११ मध्ये विधिमंडळाने वेगळी वाट काढली. पैसे शाळेला न देता पालकाच्या खात्यात टाकायचे आणि खर्च कशावर करायचा ते पालकाने ठरवायचं. सुरुवातीला ही सोय फक्त अपंगत्व असलेल्या मुलांसाठी होती. हळूहळू इतर गट आत आले. २०१७ मध्ये ती सगळ्यांना खुली करणारा कायदा झाला. लोकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला नेला आणि २०१८ च्या नोव्हेंबरात जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी नाही म्हटलं. तरी २०२२ मध्ये गव्हर्नर डग ड्यूसी यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि राज्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला दार उघडलं. तेव्हा योजनेत साधारण बारा हजार मुलं होती. २०२५ मध्ये आकडा ऐंशी हजारांच्या पुढे गेला आणि वर्षाचा खर्च एक अब्ज डॉलरच्या घरात पोचला. सुरुवातीच्या सरकारी अंदाजाच्या कितीतरी पट.

रक्कम कशी ठरते? मूल चार्टर शाळेत गेलं असतं तर राज्याने जे दिलं असतं त्याच्या ९० टक्के. पहिलीपासून पुढच्या सर्वसाधारण मुलाला वर्षाला सात ते आठ हजार डॉलर, किंडरगार्टनला त्याच्या निम्म्याच्या आसपास. धाकटा जुलैत पहिलीत जाईल, म्हणजे दोघांचे मिळून पंधरा हजार धरा. फी सत्तावीस हजार. उरलेले बारा हजार दर वर्षी तुमचे. नवऱ्याच्या तक्त्यात 'सरकार देतंय' असा रकाना असेल तर शेजारी 'आपण देतोय' हाही रकाना हवा, आणि त्या शाळेची गेल्या तीन-चार वर्षांतली फी किती वाढली तेही शाळेला सरळ विचारा. आणि कुणी स्कूल ट्युइशन ऑर्गनायझेशनच्या (देणग्यांतून खाजगी शाळेची फी देणाऱ्या संस्थेच्या) शिष्यवृत्तीने बाकीचं भागेल असं सांगितलं असेल, तर तेही मनातून काढा. ईएसए चालू असताना ती घेता येत नाही.

पैशांपेक्षा मला काळजी आहे ती करारपत्राची. ईएसए घेताना पालकाने राज्याच्या शिक्षण खात्याशी करार करायचा असतो. त्यात तुम्ही लिहून देता की मुलाला वाचन, व्याकरण, गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवण्याची व्यवस्था आम्ही करू, आणि डिस्ट्रिक्टला या मुलाच्या शिक्षणाच्या जबाबदारीतून मोकळं करतो. लोक ही ओळ वाचतच नाहीत. मोठीच्या बाबतीत कदाचित तिने फार बिघडणार नाही. धाकट्याच्या बाबतीत वर सांगितलेला सगळा हक्क, थेरपी, आराखडा, शाळा टाळाटाळ करत असेल तर तक्रार करून सुनावणी मागण्याची सोय, हे सगळं तुम्ही त्या एका सहीने सोडून देता. खाजगी शाळेवर त्यातलं काहीच बंधनकारक नाही. तिने त्याला घेतलंच पाहिजे असंही नाही. घेतलं आणि सहा महिन्यांनी 'आमच्याकडे याची सोय नाही' म्हणून सांगितलं, तर या कायद्याखाली ते तक्रार करण्याजोगं कारणही होत नाही.

हेही सांगायला हवं की अपंगत्व निघालं तर ईएसएची रक्कम वाढते. ती निदानाप्रमाणे ठरते. ऑटिझमसारख्या निदानात खूप मोठी असते, सगळ्यांत नसते. अशा कितीतरी कुटुंबांनी या पैशांतून मुलासाठी सरकारी शाळेपेक्षा चांगली थेरपी उभी केली आहे, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या आया दिवसभर तेच काम करतात. थेरपिस्ट शोधा, बिलं ऑनलाइन चढवा, मंजुरीची वाट पाहा, दर वर्षी करार नवा करा. तुम्ही दोघंही नोकरी करत असाल तर हे काम रात्री दहानंतर कोण करणार, ते आधी ठरवा. तक्ता करणाऱ्याने करावं, असं माझं मत.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी तपासणी, मग अहवाल, मग सही. उलटा क्रम घेतलात तरी डिस्ट्रिक्ट तपासणी करून देईल, ते त्याचं कर्तव्यच आहे. पण अहवाल हातात आल्यावर आराखडा देणं मात्र त्याच्यावर बंधनकारक राहणार नाही.

आता तुमच्या मनाला लागलेला प्रश्न. आपण घेतले तर कुणाच्या तरी ताटातलं जातं का?

माझा कल या योजनेच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला त्या हिशेबाने वाचता येईल. ॲरिझोनात शाळेचा पैसा पटावर ठरतो, वर्षाच्या पहिल्या शंभर दिवसांच्या सरासरी पटावर. मूल गेलं की त्याच्या वाटचे पैसे जातात. पण बाई, दिवा, बस, छप्पर यांचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. पॅराडाइज व्हॅलीच्या डिस्ट्रिक्टने २०२४ च्या सुरुवातीला तीन शाळा बंद करायचं ठरवलं, त्याच वर्षाच्या शेवटी दक्षिण फीनिक्सच्या रूझवेल्ट डिस्ट्रिक्टने पाच. याला एकटी ईएसए जबाबदार आहे असं म्हणणं खोटं ठरेल. जन्मदर घसरलाय, तरुण कुटुंबांना त्या भागातली घरं परवडत नाहीत, चार्टर शाळांकडे राज्यातलं साधारण पाचातलं एक मूल आहे आणि ओपन एनरोलमेंटमुळे मुलं एका डिस्ट्रिक्टमधून दुसऱ्यात जातात. शिवाय ईएसए घेणाऱ्यांत मोठा वाटा आधीपासूनच खाजगी शाळेत किंवा घरी शिकणाऱ्यांचा आहे. त्या पैशांमुळे कुठल्याही सरकारी वर्गातलं बाक रिकामं झालेलं नाही, राज्याच्या तिजोरीवर मात्र नवा भार पडला.

तुमच्या दोन मुलांनी ती शाळा बंदही होणार नाही आणि तरणारही नाही. कायद्याने दिलेला लाभ घेतलात तर मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही, आणि नवरा वेडा म्हणतो म्हणून घेऊ नका. खर्चाची पावती मात्र स्वच्छ ठेवा. डिसेंबर २०२४ पासून दोन हजार डॉलरच्या आतली खरेदी आधी मंजूर होते आणि तपासणी मागाहून. नियमात बसत नाही असं नंतर निघालं तर पैसे परत भरायला लागतात, तेव्हा 'ग्रुपवर सगळे म्हणत होते चालतं' हे उत्तर चालत नाही.

'सी' ग्रेडबद्दल. हा ग्रेड राज्याचं शिक्षण मंडळ देतं. २०१० च्या कायद्याने ही पद्धत आली, मध्ये परीक्षा बदलल्या तेव्हा आणि कोविडमध्ये थांबली, आता दर वर्षी येते. केजी ते आठवीच्या शाळेला शंभरातले ५० गुण मुलांच्या प्रगतीचे, म्हणजे गेल्या वर्षीच्या मानाने मूल किती पुढे गेलं त्याचे. ३० गुण प्रावीण्याचे, म्हणजे किती मुलं राज्याच्या परीक्षेत इयत्तेच्या पातळीला पोचली त्याचे. दहा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या प्रगतीचे आणि दहा पुढच्या टप्प्याच्या तयारीचे. चारांची बेरीज करून एक अक्षर. बातमीत आणि घरांच्या जाहिरातीत फक्त अक्षर येतं.

तेव्हा अक्षर सोडा आणि फोड बघा. प्रावीण्याचे गुण बऱ्याच अंशी वस्तीतल्या घरांच्या उत्पन्नामागे जातात. जिथे आईबाप शिकलेले आणि खिसा जड, तिथे ते चांगलेच येतात. प्रगतीचे गुण शाळेच्या कामाबद्दल जास्त सांगतात. तुमच्या शाळेचं प्रावीण्य कमी पण प्रगती चांगली असेल, तर ती शाळा मेहनत करते आहे. दोन्ही घसरत असतील आणि तेही वर्षानुवर्षं, तर नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. राज्याच्या स्कूल रिपोर्ट कार्डच्या संकेतस्थळावर हे सगळं मिळतं. २०१५ च्या केंद्रीय कायद्यामुळे प्रत्येक राज्याला नवशिके शिक्षक किती, दर मुलामागे खर्च किती, सतत गैरहजर राहणारी मुलं किती, हेही छापावं लागतं. मी असते तर आधी शिक्षकांचा रकाना उघडला असता. आणि राज्याची परीक्षा तिसरीपासून आहे, म्हणजे धाकट्याच्या वर्गाबद्दल तो 'सी' जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याच्या बाईंनी वर्षाच्या मध्यावर त्याची अडचण ओळखली आणि तुम्हाला सांगितली, ही त्या वर्गाबद्दलची मला कळलेली सर्वांत चांगली गोष्ट आहे.

खाजगी शाळेला असा ग्रेड नसतोच. तिच्यावर राज्याची परीक्षा बंधनकारक नाही. तेव्हा तक्त्यातल्या त्या रकान्यात नवऱ्याने काय लिहिलंय ते एकदा विचाराच.

ओपन एनरोलमेंट ही मला या सगळ्यातली सर्वांत साधी सोय वाटते. चार्टर शाळांच्या बरोबरीने १९९४ मध्ये ती कायद्यात आली. जागा असेल तर दुसऱ्या हद्दीतल्या मुलाला घ्यायचं आणि त्याच्याकडून फी घ्यायची नाही. कुठल्या इयत्तेत किती जागा आहेत ते डिस्ट्रिक्टला दर बारा आठवड्यांनी संकेतस्थळावर नवं करून ठेवावं लागतं. मागणी जास्त झाली की सोडत निघते, आणि एका भावंडाला जागा मिळाली असेल तर दुसऱ्याला प्राधान्य असतं. जावेला सांगा, लॉटरीचं दुखणं इथेही आहे, फक्त देव कोरडे असतात.

अर्ज फुकट आहे आणि केल्याने तुम्ही बांधल्या जात नाही, तेव्हा गिल्बर्टचा अर्ज आजच करून टाका. पण दोन गोष्टी मैत्रिणीला विचारा. पहिली, तिच्या मुलांना रोज कोण सोडतं आणि आणतं? हद्दीबाहेरच्या मुलाला बस मिळेलच असं नाही, आणि लूप २०२ हायवेवरची सकाळ तुम्हाला ठाऊक आहे. दुसरी, धाकट्याला लागणारी थेरपी त्याच शाळेत मिळते का? सरकारी शाळा असल्यामुळे आयईपी तिथे त्याच्याबरोबर जातो, खाजगीत जात नाही. पण ज्या शाळेत थेरपिस्ट आठवड्यातून एकदा येते आणि जिथे ती रोज असते, त्यांत फरक पडतो.

अर्जापुरती नाही, पण आपल्या घरांना हमखास नडणारी एक गोष्ट सांगते. भारतवारी. ॲरिझोनात मूल सलग दहा शालेय दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलं की शाळा त्याचं नाव पटावरून काढते. घराजवळची शाळा परत आल्यावर त्याला घेईलच, तिला घ्यावंच लागतं. ओपन एनरोलमेंटची किंवा चार्टरची जागा मात्र तोवर यादीतल्या पुढच्या मुलाला गेलेली असू शकते. चुलतभावाचं लग्न डिसेंबरात आणि तुम्ही पाच आठवडे नाशकात, असा बेत असेल तर आधी ऑफिसात जाऊन लेखी ठरवून घ्या. वर्षाचे दहा टक्के दिवस बुडाले की मूल 'सतत गैरहजर' धरलं जातं, तो वेगळा डाग. चँडलरला ऑक्टोबरात दोन आठवडे सुट्टी असते. जमलं तर तिकिटं तेव्हाची काढा.

चार्टरबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलणारे तुमच्याभोवती पुरेसे आहेत. त्या सरकारी पैशांवर चालतात, फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, सोडत असते. टूसॉनमध्ये १९९८ साली सुरू झालेली बेसिस आपल्या लोकांत फार लोकप्रिय आहे आणि तिचे निकाल खरोखर चांगले आहेत. तिथे अभ्यास अंगावर येतो. काही मुलांना तो आवडतो, काही दोन वर्षांत परत येतात. मोठीला आवडेल का? तुमच्या पूर्ण पत्रात मोठी काय म्हणते याचा एक शब्द नाही. चौथीतल्या मुलीला मत असतं. तिला वर्गात कंटाळा येत असेल तर शाळा सोडण्याआधी गिफ्टेडची, म्हणजे विशेष हुशार मुलं ओळखण्याची, चाचणी मागा. ॲरिझोनात प्रत्येक डिस्ट्रिक्टला अशी मुलं शोधून त्यांना वेगळं शिकवावंच लागतं, 'सी' शाळेतसुद्धा. आणि दोघांनी एकाच शाळेत जायला हवं असा नियम कुठेच नाही, फक्त सकाळी सोडणाऱ्याची सोय बघायची.

हे सदर वाचणाऱ्या टेक्सासच्या मंडळींनी मात्र ॲरिझोनाचे नियम डोळे मिटून उचलू नयेत. तुमच्याकडे ईएसएसारखा कायदा २०२५ च्या मे महिन्यात झाला, पैसे २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून, सुरुवातीला एक अब्ज डॉलर. खाजगी शाळा मान्यताप्राप्त असावी लागते आणि मुलांची परीक्षा घ्यावी लागते. पण ॲरिझोनासारखी सक्तीची ओपन एनरोलमेंट तिथे नाही. बाहेरची मुलं घ्यायची की नाही ते प्रत्येक डिस्ट्रिक्ट स्वतः ठरवतं. ह्यूस्टनला बसून चँडलरच्या भाचीचा सल्ला चालणार नाही.

नवऱ्याशी भांडू नका. त्याला भीती आहे आणि त्याने ती तक्त्यात भरली आहे, बापमाणसं पुष्कळदा असंच करतात. पैशांवर चर्चा नेलीत तर तो जिंकेल, कारण आकडे त्याच्याकडे आहेत. त्याला करारपत्रच वाचायला द्या. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर ते आहे. डिस्ट्रिक्टला मोकळं करतो, ही ओळ त्याने स्वतः वाचू दे, तुम्ही दाखवू नका. आणि धाकट्याच्या तपासणीनंतरची मीटिंग असेल तिला तो हजर हवा. 'ऑफिस आहे' चालणार नाही, हवं तर फोनवरून जोडून घ्या.

मी तुमच्या जागी असते तर या वर्षी ईएसए घेतली नसती. धाकटा आहे तिथेच, अहवाल येईपर्यंत तरी. मोठीसाठी गिल्बर्टचा अर्ज आणि गिफ्टेडची चाचणी, दोन्ही एकदमच. अहवालात अडचण काहीच निघाली नाही तर चौघांनी बसून पुन्हा ठरवा. तेव्हा खाजगी शाळेचा विचार केलात तरी माझी हरकत नाही, फक्त बारा हजारांचा रकाना भरलेला असू दे.

मेलमध्ये फार लिहू नका. मुख्याध्यापकांना आणि स्पेशल एज्युकेशनच्या प्रमुखांना एकत्र पाठवा. मुलाचं नाव आणि जन्मतारीख, बाईंनी काय पाहिलं आणि तुम्ही घरी काय पाहता ते दोन-तीन वाक्यांत, घरात मराठी बोलतो हे, आणि 'आयडीईएखाली माझ्या मुलाची पूर्ण तपासणी करावी अशी मी लेखी मागणी करते आहे' हे एक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत. तारीख घाला आणि प्रत स्वतःकडे ठेवा. पंधरा शालेय दिवसांत उत्तर आलं नाही तर तीच मेल पुन्हा पाठवा, या वेळी डिस्ट्रिक्टच्या कार्यालयालाही. ईएसएचा अर्ज बाराही महिने करता येतो, त्याला घाई नाही.